सुरतेच्या वाट्याचे रोट

आमचं धरण फुटलं त्याची गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की आता सांगताना मलाच जांभई येते. म्हसावदच्या बाजारात चहाच्या टपरीवर कोणी परगावचा माणूस दिसला की टपरीवाला माझ्याकडे बोट दाखवतो, "आप्पा, ते धरननं सांगा ना यास्ले." मग मी सांगतो. लाट ताडाच्या झाडाएवढी होती. लाटेच्या शेंड्यावर एक म्हैस रवंथ करत बसली होती, ती थेट तापीत उतरली आणि पलीकडच्या काठाला एका माणसाने तिचं दूध काढून घेतलं. पाहुणा "अरे बाप रे" म्हणतो आणि आणखी एक चहा सांगतो. मी तो पितो आणि घरी येऊन आडवा होतो. ताडाएवढी लाट रोज उचलायची म्हणजे पाठ दुखते.

इथे लिहिताना मात्र लाट आहे तेवढीच ठेवणार आहे. धरणाबद्दल थोडं इकडेतिकडे झालं तर चालवून घ्या. रोटांबद्दल एक अक्षरही वाढवलेलं नाही, त्याची गरजच पडली नाही.

धरण म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. सातपुड्यातून उतरणाऱ्या नाल्याला आडवा घातलेला मातीचा लांबलचक भराव, पाण्याच्या बाजूने दगड बसवलेले, एका टोकाला सांडवा आणि भरावाच्या पोटात पाटाला पाणी सोडायचं लोखंडी दार. हे दार इतकं गंजलेलं होतं की एकदा आम्ही त्याला ट्रॅक्टरची साखळी बांधून ओढलं, तर दार जागचं हललं नाही आणि ट्रॅक्टर घोड्यासारखा मागच्या पायांवर उभा राहिला. पण दार उघडलं नाही तरी पाणी झिरपायचं. त्याच झिरपणाऱ्या पाण्यावर आमच्या विहिरी उन्हाळ्यातही भरलेल्या असायच्या. त्यावर पपई होती, केळी होती, पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याला जाणारा ऊस होता. धरणाच्या खाली नाल्याच्या कडेने गाव, आणि गावातलं सगळ्यात खालचं घर भाबीचं. भाबी म्हणजे माझ्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको. मीही त्याच घरात राहतो. माझं लग्न झालं नाही. का झालं नाही याच्या माझ्याकडे बऱ्याच गोष्टी आहेत, सगळ्या एकमेकींपेक्षा वेगळ्या.

भाबीचे दोन मुलगे सुरतेला कंपनीत आहेत. थोरला तिकडे गेला त्याला खूप वर्षं झाली, धाकटा त्याच्या मागून गेला. पोरं वाईट नाहीत. फोन करतात.

आता कानबाईचं सांगावं लागेल, कारण खानदेशाबाहेरच्या माणसाला त्याशिवाय पुढचं समजणार नाही. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी, डोळे-नथ लावून सजवलेली. रात्रभर गाणी, नाच, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जन. त्या दिवशी घरात रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, होतात. रोटाचं पीठ सहज डब्यातून काढत नाहीत. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन त्याच्या वाट्याचं पीठ मुठीने काढायचं. माणूस घरी असो की मुंबई-सुरतेला, नाव घ्यायचं म्हणजे घ्यायचं. आणि त्या पिठाचा एकेक रोट घरच्यांनी, भाऊबंदांनीच संपवायचा. रोट बाहेरच्याला देत नाहीत, गाईला घालत नाहीत, टाकत तर मुळीच नाहीत. आमच्या घरची रीत आणखी कडक. रोट उंबऱ्याबाहेर जात नाही आणि रोट संपल्याशिवाय घरची बाई गाव सोडत नाही.

त्या वर्षी शनिवारी संध्याकाळी दोन्ही पोरांचा फोन आला, "येतो." भाबीने पीठ मोजलं. माझ्या नावाने मूठ काढताना तिचा हात आवळलेला असतो, हे मी वर्षानुवर्षं बघतो आहे. सुरतेची नावं आली की तोच हात फावड्याएवढा होतो. रविवारी सकाळी पुन्हा फोन आला की सुट्टी मिळाली नाही. पीठ तोवर मळून झालं होतं.

भाऊबंद आले, जेवले, रात्रभर नाचले. सोमवारी सकाळी आम्ही धरणाच्या पाण्यात कानबाईचं विसर्जन केलं. पाणी इतकं काठोकाठ होतं की भरावावर उकिडवं बसून हात धुता येत होते. नंतर भाऊबंद आपापल्या गाड्यांनी शहाद्याला निघून गेले. गाव घरोघरी पडलं. कोणी ओसरीत, कोणी झाडाखाली, बैलांनीसुद्धा मान टाकलेली. ढोल वाजवणारा तर ढोलावरच डोकं ठेवून झोपला होता. असं दमलेलं गाव तुम्ही पाहिलं नसेल. मी खाटेवर आडवा झालो आणि लगेच खाट हलायला लागली.

मला वाटलं, माझं घोरणं. माझ्या घोरण्याने मागे एकदा भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं आहे. पण मी जागा होतो. फळीवरची भांडी खणखणली, कौलांमधून माती गळली, कुत्री एकदम भुंकायला लागली आणि एकदम गप्प झाली.

आमच्याकडे जमीन अधूनमधून हलते. हलली की माणसं अंगणात येतात, शेजाऱ्याला विचारतात, "तुन्हाकडे बी हाललं का?" तो म्हणतो, "हाललं ना भो." मग दोघं आपापल्या घरात जातात. त्या दिवशी तर अंगणात यायचंही कोणाच्या अंगात नव्हतं. शेजारच्याने पडल्यापडल्याच ओरडून विचारलं, मी पडल्यापडल्याच उत्तर दिलं.

थोड्या वेळाने देवळावरचा लाऊडस्पीकर खरखरला. रात्रभर त्याच्यावर गाणी म्हणणाऱ्याचाच आवाज होता, घसा पार बसलेला. "गाववालाहो, उठा. धरनना भरावले लांब भेग पडनी. खालतून गढूळ पानी ई ऱ्हायनं. सगळा निंघा, टेकडीवरनी शाळामा चला. उठा रे बाबाहो."

स्वच्छ पाणी झिरपत होतं तोवर धरण आमचं होतं. गढूळ पाणी म्हणजे धरणाची माती पाण्याबरोबर निघाली होती. एवढं आमच्यातल्या कोणालाही कळतं. गाव उठलं. धावत नव्हतं, धावायची ताकदच नव्हती. माणसं गोधड्या खांद्यावर टाकून, बकऱ्यांना ओढत, पाय घासत टेकडीकडे चालली होती, जणू लग्नाची वरात परत निघाली आहे.

शेजारच्याने ट्रॅक्टर काढला, ट्रॉलीत म्हाताऱ्याकोताऱ्यांना भरलं आणि आमच्या दाराशी आणून उभा केला. मी आत गेलो. भाबी चुलीजवळ पाटावर बसली होती. समोर टोपली, टोपलीवर फडकं.

"भाबी, चाल लवकर. धरन फुटी ऱ्हायनं."

"फुटी ऱ्हायनं ना? फुटनं त नही आजून." तिने फडकं उचललं. "रोट उरेल शेत."

उरलेल्या रोटांनी टोपली अर्ध्याच्या वर भरलेली होती. दोन तरण्या पोरांच्या वाट्याचे रोट, आईच्या हाताने मोजलेले.

"मंग टोपली संगे ली चाल."

"रोट उंबराबाहेर जात नही. म्हातारा व्हयना तू, तरी तुले ठाऊक नही का?"

"मंग खाई कोन?"

"तू खाय."

"मी? इतला?"

"का बरं? गावभर सांगत फिरस ना, एकच बठकमा पाटीभर पुरनपोया खाद्यात म्हनीसन. मी आईकेल शे. तुन्हा तोंडघाईन आईकेल शे. खाय आते."

"ती पाटी धाकली व्हती," मी म्हणालो. मी माझी एखादी गोष्ट कमी करून सांगितल्याचं हे पहिलंच उदाहरण. भाबीवर त्याचा काही परिणाम झाला नाही. तिने ताट पुढे सरकवलं, त्यात दही वाढलं. तिला उचलून न्यावं असं मनात आलं होतं. पण ही बाई मला माझ्या लहानपणापासून ओळखते. तिला मी हात लावला असता तर धरणाआधी माझंच काहीतरी फुटलं असतं. आणि खरं सांगायचं तर मी तिला उचलून नेलं असतं, तरी ती शाळेतून उतरून परत आली असती. त्या टोपलीपाशी.

मी बसलो. सोमवारचा रोट म्हणजे काय चीज असते ते खाल्ल्याशिवाय कळायचं नाही. रविवारी तो मऊ असतो, तुपात भिजतो. सोमवारी दुपारी त्याला दाताने धरून मान उलटीकडे ओढावी लागते. पहिला रोट मी हसत खाल्ला. दुसरा गंभीरपणे खाल्ला. बाहेरून ट्रॅक्टरवाला ओरडत होता.

"आप्पा! काकीले आन ना भो! पानी उनं म्हन्जे काय नावमा बठीसन जाशी का?"

"जेवी ऱ्हायनू!" मी आतून ओरडलो.

त्याने इंजिन बंद केलं. मग तो स्वतःच चपला काढून आत आला. सगळा प्रकार त्याने पाहिला. तोही रात्रभर नाचलेला, पोटात काही नाही. टोपलीकडे बघत म्हणाला, "काकी, दोन-तीन मी खाई लेऊ का? लवकर व्हई जाई."

"तू आम्हना भाऊबंद नही रे बाबा."

"मंग दत्तक ली ले ना. शाळामा गयात का सोडी दे."

"चाल, बाहेर बस," भाबी म्हणाली. पण तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात हसू आलं होतं. ते बघून मलाही जोर आला. मी म्हणालो, "भाबी, हाई रोट धरनवर ली जाऊत. भेगमा ठोकी देऊत. सरकारनं शिमीट बी इतलं कडक नही." ती हसली. मी तिसरा घेतला, चौथा घेतला, मग मोजायचं सोडून दिलं. माझा पट्टा मी कधीच सोडला होता. कपाळावर घाम होता. पोटात दगडाचं काम चाललं होतं.

तेवढ्यात जमीन पुन्हा हलली.

हे हलणं लहान होतं, पण आधीच्यासारखं नव्हतं. भांडी खणखणली नाहीत. नाल्याच्या बाजूने, धरणाकडून, कोणीतरी मोठं ओझं जमिनीवर टेकवावं तसा आवाज आला. ट्रॅक्टरवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. ट्रॉलीतल्या म्हाताऱ्या देवाला हाका मारायला लागल्या. माझ्या घशात घास अडकला, खालीही जाईना, वरही येईना. थट्टा संपली होती. मी भाबीकडे बघितलं आणि मान हलवली. होत नाही.

टोपलीत एकच रोट राहिला होता.

भाबी माझ्या शेजारी येऊन बसली. तिने तो रोट उचलला, दोन्ही हातांत धरून थोडा वेळ बघितला. "हाऊ धाकलाना," ती म्हणाली. सगळे रोट एकसारखे होते, तो धाकट्याचा कसा हे तिलाच ठाऊक. मग तिने तो मोडला आणि खायला लागली. तिचे दात थोडेच राहिले आहेत. ती एकेक तुकडा दह्यात बुडवून, गालात फिरवून, मऊ करून गिळत होती. बाहेर हॉर्न चालूच.

"तो येवाव नही," ती खाता खाता म्हणाली. "शनवारले 'येतो' म्हने, तवयच मी समजी गयी व्हती."

"मंग पीठ कसाले मोजं तू?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काहीतरी अगदीच मूर्खासारखं विचारलं आहे. "घरना मानूस शे ना तो. त्यानं नाव कसं सोडू?"

शेवटचा तुकडा गिळून तिने टोपली पालथी करून झटकली. भुगाही तळहातावर घेऊन तोंडात टाकला. ताटं धुतलेलं पाणी अंगणातल्या खड्ड्यात ओतलं, कारण तेही पायदळी येऊ द्यायचं नसतं. खड्ड्यावर माती लोटली आणि पुन्हा घरात आली. कानबाईचं नारळ, जे आमच्याकडे विसर्जनानंतर घरी परत येतं, ते पदरात बांधलं. मग उंबरा ओलांडला, दाराला कडी घातली आणि ट्रॅक्टरवाल्याला म्हणाली, "कितला उशीर करस रे! चाल ना."

टेकडीच्या रस्त्याला खड्डे आहेत. प्रत्येक खड्ड्यात सुरतेची अख्खी कंपनी माझ्या पोटात उसळी मारत होती. एका वळणावर मी ट्रॉलीच्या फळीवर वाकलो, तशी भाबीने माझी कॉलर धरली. "ओकू नको. रोट शे तो. गिळ." मी गिळला. त्या दिवशी धरणाने दम सोडला पण मी धरून ठेवला, हे माझ्या पदरात घालायला हरकत नाही.

शाळेच्या ओट्यावरून आम्ही सगळ्यांनी पाहिलं. ताडाएवढी लाट नव्हती. म्हैस नव्हती. भराव मधोमध एका ठिकाणी खाली बसला, दिवसभर उभा राहून दमलेला माणूस मांडी घालून बसतो तसा. त्या खोलगटातून तपकिरी पाणी वाहायला लागलं, आधी पाटाएवढं, मग नाल्याएवढं, मग मधला भाग बाजूची माती घेऊन गेलाच. पपईची झाडं पाण्यात शिरल्यावर क्षणभर उभी राहिली आणि रांगेने आडवी झाली. कोणी रडलं नाही. बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या. ढोल वाजवणारा ढोल घेऊन आला होता, तो पुन्हा त्यावर डोकं ठेवून झोपला.

माणूस एकही गेला नाही. आमच्या घरात चूल बुडेल एवढं पाणी शिरलं, मागची भिंत पडली, जिथे बसून मी जेवलो होतो तिथे गुडघाभर गाळ साचला. भाबी तो गाळ बघून म्हणाली, "बरं झायं, संपाडी लिधात." तिला रोट म्हणायचे होते.

पोरं धावत आली. दोघंही. बिस्किटांचे पुडे, नवी चादर घेऊन आली. गाळ काढायला उभी राहिली, हातांना फोड येईपर्यंत. आईला म्हणाली, चल सुरतेला. ती म्हणाली, "कानबाई कोन बसाडी?" पोरांनी पुन्हा फावडी उचलली. जाताना थोरल्याने मला विचारलं, "काका, आई लगेच निंघनी ना त्या दिवशी?" मी म्हणालो, "भूकंपना आधीच निंघी गयती ती." ट्रॅक्टरवाला बाजूलाच उभा होता. त्याने आकाशाकडे बघितलं.

तेव्हापासून भराव तसाच मधून उघडा आहे. साहेब लोक येतात, मोजतात, फोटो काढतात, नवीन माणूस आला की पुन्हा पहिल्यापासून मोजतात. मी त्यांच्याबरोबर फिरतो, भेग कुठे होती ते दाखवतो. आधी दाखवताना मी तिची रुंदी हात पसरून सांगायचो. आता हात पसरायचाही कंटाळा येतो. नाल्यात पाऊस झाला की पाणी येतं आणि न थांबता तापीकडे निघून जातं. विहिरी उन्हाळा लागायच्या आत तळ दाखवतात. ज्यांची पपई होती ते आता पावसावर कापूस घेतात. शेजारच्याचा ट्रॅक्टर दुसऱ्यांच्या शेतात भाड्याने जातो. त्याचा मुलगाही सुरतेला गेला.

दर श्रावणात भाबी पीठ मोजते. यंदाही शनिवारी फोन आला. मी खाटेवर पडून ऐकत होतो. दोघंही म्हणाले, येतो आई. ती बरं म्हणाली आणि डबा उघडून बसली. माझ्या नावाची मूठ नेहमीसारखी, आवळलेली. थोरल्याची मोठी. धाकट्याचं नाव घेऊन तिने मूठ भरली, थोडा वेळ तशीच धरली आणि त्यातलं थोडं पीठ परत डब्यात सोडलं. मला वाटलं, सुटलो. मग तिने मान वळवून माझ्याकडे, म्हणजे माझ्या पोटाकडे बघितलं आणि सोडलेलं पीठ पुन्हा वर काढलं.

आज सोमवार. कानबाईचं विसर्जन आता नाल्यातल्या डबक्यात होतं, ते उरकून आलो. भाऊबंद जेवून गेले. पोरं आली नाहीत. टोपली चुलीजवळ झाकून ठेवलेली आहे, भाबीने दही वाढलं आहे आणि मला दोनदा हाक मारून झाली आहे. धरण नाही, त्यामुळे आता कोणी हॉर्न वाजवत नाही. खायला वेळच वेळ आहे. मी हे लिहीत बसलो आहे ते एवढ्याचसाठी की तेवढा वेळ तरी पोट आणखी रिकामं व्हावं.

तिसरी हाक आली, "आप्पा, उनास का?"

"उनू."